चंद्र पेपर वाचत नाही, आपण वाचतो

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुमच्याकडे एक लेख आलाय, की माणसाला स्वतःची मर्जी वगैरे काही नसते, शास्त्रज्ञांनी मेंदूला तारा लावून बघितलंय, आपण ठरवायच्या आधीच मेंदूने ठरवून टाकलेलं असतं, त्यामुळे पुढेमागे पुरेसा मोठा कॉम्प्युटर आला की तुम्ही उद्या काय करणार याची प्रिंट आजच हातात मिळेल आणि मग "मी ठरवलं" असं म्हणायची सोयच राहणार नाही. लेख चांगला होता, दोनदा वाचला. मग पान उलटलं तर मागे राशिभविष्य, आणि माझ्या राशीला लिहिलंय, "महत्त्वाचे निर्णय या आठवड्यात टाळा". आता मला सांगा, एका पानावर म्हणता निर्णय नावाची गोष्टच नसते आणि त्याच कागदाच्या पाठीवर म्हणता टाळा. टाळू कसा? टाळायचं की नाही तेही आधीच ठरलेलं असणार ना.

चेष्टा सोडा. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहितोय, आणि पत्र लांबणार आहे, कापायचं असेल तर कापा पण पाकिटाची गोष्ट तेवढी ठेवा.

मी ३८ वर्षं आरएमएसमध्ये सॉर्टर होतो. आरएमएस म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस, नव्या पोरांना सांगावं लागतं. गाडीला पोस्टाचा डबा असायचा, आत खणांची भिंत, प्रत्येक खण एका गावाचा, आणि आम्ही रात्रभर हलत्या गाडीत उभे राहून टपाल त्या खणांत टाकायचो, स्टेशन आलं की बॅगा खाली, नवीन बॅगा वर. १९९४ साली मला प्रमोशनची ऑर्डर आली, नागपूरला, ऑफिसात बसायचं काम, पगार जास्त. हो की नाही ते १५ दिवसांत लेखी कळवायचं होतं. साहेब, ते १५ दिवस मला अजून आठवतात. आई आजारी, पोरीची शाळा, घराचं कर्ज, एका कागदावर दोन बाजू करून फायदे-तोटे लिहिले, रात्री हो म्हणून झोपायचो आणि सकाळी नाही म्हणून उठायचो. चौदाव्या दिवशी नाही म्हणून लिहून दिलं. कारण लिहिलं आईची प्रकृती.

२०१६ ला रिटायर झालो. निरोप समारंभ झाल्यावर माझ्या सेक्शनचा जुना जोडीदार, (नाव छापणार नाही, त्याला आवडणार नाही) त्याने एक रजिस्टरचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. त्याने ते स्वतःच्याच पत्त्यावर पाठवलेलं, जोडावर शिक्के, न फोडलेलं, आणि तारीख १९९४ ची, माझी ऑर्डर आली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. आत इनलँडच्या कागदावर तीन ओळी. "तू जाणार नाहीस. कारण आईच्या तब्येतीचं देशील. खरं कारण हे की गाडीतली ड्युटी सुटलेली तुला सहन होणार नाही."

पहिल्यांदा हसलो. मग घरी येऊन रात्री नीट राग आला. मी तिकडे १४ दिवस जीव काढतोय, कागदावर रेघा ओढतोय, आणि ह्या माणसाने दुसऱ्याच दिवशी लिहून, शिक्का मारून मोकळं व्हावं? मग माझे ते १४ दिवस काय नाटक होतं का? तुमच्या लेखकाला जे म्हणायचंय ते मला त्या रात्री पोटात कळलं, म्हणून मी त्याला एकदम खोडून काढत नाही.

पण नंतर डोकं शांत झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. त्या पाकिटाने मला काहीच केलं नव्हतं. ते त्याच्या घरी कपाटात पडून होतं. मी नाही म्हटलं ते पाकिटात लिहिलंय म्हणून नव्हे, उलट मी तसा आहे म्हणून पाकिटात तसं लिहिलं गेलं. मला रात्रीची गाडी आवडते, मनमाड सुटल्यावर डब्यात चहा फिरायचा तो आवडतो, खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या हजेऱ्या तपासणं आवडत नाही, हे सगळं त्याने १२ वर्षं शेजारी उभं राहून बघितलं होतं. मी वेगळा माणूस असतो तर चिठ्ठीत वेगळं असतं. म्हणजे चिठ्ठी माझ्या मागून चालत होती, तारीख फक्त आधीची पडली. आणि गंमत म्हणजे खरं कारण त्याला माझ्याआधी कळलं, मला ते कळायला २२ वर्षं गेली. याचं वाईट वाटायला हवं तर वाटू दे, पण निर्णय माझा नव्हता असं त्यातून कुठे निघतं?

बोएथियस नावाचा एक रोमन माणूस होता, साधारण ५२४ साली त्याला मारून टाकलं, त्याआधी तुरुंगात बसून तो हाच प्रश्न सोडवत होता, की देवाला सगळं पुढचं माहीत असेल तर माझ्या हातात काय राहिलं. त्याने एक साधी गोष्ट सांगितलीय, एक माणूस चालताना तुम्हाला दिसतोय, तुम्हाला दिसतोय म्हणून तो चालत नाही. उद्या मान जाणार अशा माणसाने एवढं शांतपणे लिहावं याचंच मला जास्त आश्चर्य वाटतं.

आता कुणी म्हणेल तुमच्या मित्राचा एक अंदाज बरोबर आला, त्यात काय, प्रश्न आहे तो कधीच न चुकणाऱ्या भाकिताचा. ठीक आहे, ताणून बघू. समजा त्याने माझ्याबद्दल दहा पाकिटं लिहिली आणि दहाही बरोबर निघाली. मग शंभर. मग हजार, एकही चूक नाही. पहिल्या पाकिटाने माझी मर्जी गेली नाही हे मान्य असेल तर मग कितव्याने गेली? चारशेबाराव्या? मला तरी असा नंबर सापडत नाही. न चुकणारा तो आहे, त्याचं वाचन पक्कं आहे, यात माझं काय कमी झालं.

लाप्लास नावाचा फ्रेंच गणिती होता, त्याने १८१४ मध्ये लिहिलं की विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि त्यावरची ओढ कुणा बुद्धीला एका क्षणी कळली तर तिला पुढचं सगळं आणि मागचं सगळं डोळ्यासमोर दिसेल. ह्या विषयावर कुणीही बोलायला लागलं की लाप्लासची ही बुद्धी येतेच. पण त्याच माणसाने अजून एक निरीक्षण नोंदवलंय ते आमच्या खात्याचं आहे. पॅरिसच्या पोस्टात पत्ता न लागणारी, कुणाकडेच न पोचणारी जी पत्रं उरतात त्यांची संख्या दरवर्षी साधारण तेवढीच असते. वाचलं तेव्हा मी उडालोच, कारण आमच्याकडे तसंच. आम्ही त्याला डेड लेटर म्हणायचो, नंतर त्या ऑफिसाचं नाव आरएलओ, म्हणजे रिटर्न्ड लेटर ऑफिस झालं. गणपतीनंतर किती बिनपत्त्याची येणार, राख्यांच्या आठवड्यात किती, जुना हेड सॉर्टर बोटावर सांगायचा. आता ह्या सगळ्या माणसांनी आपापल्या घरी बसून, आपापल्या गडबडीत पत्ता अर्धा लिहिला, कुणी कुणाला विचारून लिहिला नाही, आणि तरी आकडा तोच. त्या आकड्याने कुणाचा हात धरून पेठेचं नाव गाळायला लावलं असं कुणी म्हणेल का?

तुमच्या लेखातला मेंदूचा प्रयोग लिबेट नावाच्या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाचा, १९८३ चा. माणसाला सांगितलं वाटेल तेव्हा मनगट हलव आणि ठरवल्याची वेळ घड्याळात बघून सांग. मेंदूतली हालचाल सुरू झाली हलवण्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी आणि "मी ठरवलं" असं त्या माणसाला वाटलं साधारण पाव सेकंद आधी. झालं, मर्जी खलास. आता माझं सांगतो. सॉर्टिंगला पाच-सहा वर्षं झाली की पत्ता वाचून होत नाही, हात आधी खणाकडे जातो. येवल्याचं पत्र येवल्याच्या खणात पडलेलं असतं आणि मग डोक्यात "येवला" वाजतं. म्हणून काय सॉर्टिंग मी केलं नाही? तो हात माझाच, ती सवय मीच लावलेली, चुकलं असतं तर मेमो पण मलाच मिळायचा. स्वतः लिबेटचं म्हणणं होतं की शेवटच्या क्षणी नको म्हणायची मुभा माणसाकडे राहते, हे तुमच्या लेखात नव्हतं. २००८ मध्ये जर्मनीत एमआरआय लावून केलं, डावं बटण दाबणार की उजवं हे सात-आठ सेकंद आधी ओळखलं म्हणे, पण बरोबर येण्याचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास. छापा-काटा केला तरी ५० येतात. हॉटेलात मी काय मागवणार ते आमच्या हिला रस्ता ओलांडायच्या आधी माहीत असतं, तारा न लावता.

तर इथपर्यंत मी तुमच्या लेखकाला सांगतोय की बंद पाकिटाला घाबरू नका. पण खरी गडबड पुढे आहे, आणि ती मला ह्या विषयावरच्या पुस्तकांनी नाही, हिने दाखवली. पाकिटाची गोष्ट सांगितल्यावर ही म्हणाली, "अहो, त्यांनी हे तेव्हाच तुमच्या हातात दिलं असतं तर?" मी एक मिनिट गप्प. कारण उत्तर मला लगेच माहीत होतं. दिलं असतं तर मी हट्टाने नागपूरला गेलो असतो. फक्त त्याला खोटं पाडायला. त्याला फोन लावून सांगितलं तर तो म्हणाला, "लेका, म्हणून तर दिलं नाही."

म्हणजे बघा, भाकीत बरोबर येणं एक, आणि ते त्याच माणसाला सांगितल्यावरही बरोबर येणं, ह्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या कायम एकत्र कालवतो. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण आठवत असेल जुन्या लोकांना, हुबळी-रायचूर पट्ट्यात खग्रास होतं, आपल्याकडे खंडग्रास, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, लोक दारंखिडक्या लावून घरात. ग्रहण कधी लागणार, कधी सुटणार हे आधी छापून आलेलं आणि अगदी तसंच झालं. आता पेपरात छापलं म्हणून चंद्र दोन मिनिटं उशिरा आला का? चंद्र पेपर वाचत नाही. आपण वाचतो. आपल्याबद्दलचं भाकीत छापलं की ते भाकीत पण आपल्या डोक्यात शिरतं, आणि मग ज्या डोक्याचा हिशोब केला होता ते डोकं राहत नाही, त्याचा नवीन हिशोब करायला पाहिजे, तो पण सांगितला तर अजून नवीन.

ह्याला मोठं उदाहरण नको, आमच्या भागातला कांदा घ्या. भाव चढणार अशी हवा झाली की जो तो कांदा लावतो, आणि निघतो तेव्हा लासलगावला ट्रॅक्टरची रांग आणि भाव पाण्यात. भाव पडणार म्हटलं की सगळे मका-सोयाबीनकडे, आणि मग कांदा रडवतो. म्हणून लोक म्हणतात की माणसांबद्दल जाहीर भाकीत खरं होऊच शकत नाही. पण हे पण अर्धवट आहे बरं का. ग्रुनबर्ग आणि मोदिग्लियानी ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये दाखवलं (मोदिग्लियानीला पुढे १९८५ चं नोबेल मिळालं) की जाहीर केलेलं भाकीतही खरं ठरू शकतं, फक्त त्यात लोकांची प्रतिक्रिया आधीच धरावी लागते. मी माझ्या भाषेत सांगतो, आकडे समजण्यापुरते आहेत. समजा पेपरात ३००० भाव छापला तर सगळे लावतील आणि खरा भाव १२०० येईल. १००० छापला तर कुणी लावणार नाही आणि खरा २६०० येईल. मग ह्या दोन्हीच्या मध्ये, लोक थोडंथोडं बदलत जात असतील, एकदम उडी मारत नसतील तर, असा एक आकडा असणारच की तो छापला तर बरोबर तेवढाच भाव येतो. तो छापा, सगळ्यांना सांगा, तरी खरा. मला हे वाचून इतकं बरं वाटलं की मी ते पाकिटाच्या मागे आलेख काढून हिला दाखवलं, तिने कुकर लावायला सांगितला.

पण हे हजारो शेतकऱ्यांच्या एकत्र भावाला चालतं. एकट्या माणसाला हो किंवा नाही एवढंच असतं, मधला आकडा नसतो. "तू जाशील" सांगितलं तर जात नाही आणि "तू जाणार नाहीस" सांगितलं तर जातो असा खवट माणूस समोर असेल तर जगातला कितीही मोठा कॉम्प्युटर आणा, त्याला सांगून खरं होईल असं उत्तरच नाही. कॉम्प्युटर कमी पडतो म्हणून नव्हे, उत्तर शिल्लकच नाही म्हणून. त्याला गप्प बसावं लागेल. आणि गप्प बसून मनात धरलेलं भाकीत मात्र बरोबर येऊ शकेल, माझ्या मित्रासारखं.

इथे मी पण उडी मारली होती की बघा, आली ना मर्जी, सिद्ध झालं, माणसाला सांगून बांधता येत नाही. ती उडी माझ्या नातीने पाडली. तिने शाळेच्या प्रदर्शनाला एक खोका केला होता, दोन बटणं, दोन दिवे, लाल बटण दाबलं की हिरवा लागतो, हिरवं दाबलं की लाल. मला म्हणाली, आजोबा, कुठला दिवा लागणार ते सांगा, पण सांगायचं बटण दाबूनच. मी पाच वेळा हरलो. साहेब, सहावीतल्या मुलीचा दोन तारांचा खोका मला खोटं पाडतोय, आणि त्या खोक्याला मर्जी आहे असं म्हणायची माझी तयारी नाही. तेव्हा सांगितलेलं खोटं पाडता येणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. ते खवटपणाचं वायरिंग आहे, आणि मी हट्टाने नागपूरला गेलो असतो तर त्या दिवशी मी सगळ्यात कमी माझा असतो, बटण त्याने दाबलं असतं.

मग काय उरलं? मला वाटतं आपल्या लोकांनी हे सटवाईत फार आधी ओळखलंय. बाळाची पाचवी पुजतात तेव्हा कोरा कागद आणि पेन ठेवतात, रात्री सटवाई येते आणि कपाळावर काय ते लिहून जाते. सकाळी कागद कोराच. म्हणजे लिहिलंय, शंभर टक्के लिहिलंय, पण वाचता येत नाही. आमच्या भाषेत सीलबंद पाकीट. माझ्या आईने माझ्या पोरीच्या वेळी कागद ठेवला होता आणि सकाळी मला म्हणाली, लिहिलंय हो चांगलं, आणि दुसऱ्या दिवसापासून डोस, दूध, दृष्ट, सगळं चालू. लिहून झालंय तर आता कशाला धावपळ असं एकही आजी म्हणत नाही.

पण ज्याला ते लिखाण वाचायला मिळालं त्याचं काय होतं, त्याचीही गोष्ट आहे. इरावती कर्व्यांनी १९५० मध्ये ती लिहून ठेवलीय. सटवाईचीच पोरगी आईला खनपटीला बसून विचारते, माझ्या कपाळी काय. कळतं की तिचं लग्न स्वतःच्या मुलाशी होणार. ती घाबरून रानात जाऊन राहते, पुरुषाचं तोंड बघायचं नाही म्हणते, आणि वाट वाकडी करत करत तेच होतं. लहानपणी अशी गोष्ट ऐकली की अंगावर काटा येतो, का येतो ते मला आता कळतं. कारण तिथे ती पोरगी काहीही करो, रानात जावो, घरी बसो, शेवट तोच. तिच्या मर्जीचा त्या लिखाणाशी संबंधच नाही. माझ्या पाकिटाचं तसं नव्हतं. मला ऑफिस आवडत असतं तर चिठ्ठीत "जाशील" असतं. एका ठिकाणी लिखाण माणसावर बसवलेलं आहे, दुसऱ्या ठिकाणी माणसावरून उतरवून घेतलेलं. बरोबर दोन्ही येतात, अक्षर दोन्हीकडे सारखं दिसतं, म्हणून आपण पहिल्याची भीती दुसऱ्याला लावतो. तुमच्या लेखकाने तेच केलंय.

कुणी म्हणेल, रात्रीच्या गाडीची आवड तरी तुम्ही निवडलीत का? नाही निवडली. वडील गेटमन होते, गाडीच्या आवाजाशिवाय मला झोप यायची नाही. पण सगळ्या आवडी काढून घेतल्या तर मग निवडणार कोण, रिकामी खुर्ची? हा मुद्दा मला पूर्ण सुटलाय असं मी म्हणत नाही.

ज्यांना डोकेदुखी वाढवायची आहे त्यांनी न्यूकॉम्बचं कोडं घरी खेळून बघावं. न्यूकॉम्ब हा अमेरिकेतला भौतिकशास्त्रज्ञ, कोडं १९६९ मध्ये नोझिक नावाच्या तत्त्वज्ञाने छापलं. दोन पेट्या. एक काचेची, त्यात १००० डॉलर दिसतायत. दुसरी बंद. जवळजवळ कधीच न चुकणाऱ्या भाकीतवाल्याने काल ठरवलंय, तुम्ही फक्त बंद पेटी घेणार असाल तर तिच्यात १० लाख, दोन्ही घेणार असाल तर तिच्यात काही नाही. पैसे ठेवून तो निघून गेला. आता घ्या. एकजण म्हणतो पैसे असले तर आहेत नसले तर नाहीत, मग वरचे १००० का सोडू, दोन्ही घे. दुसरा म्हणतो दोन्ही घेणारे सगळे हजारावरच राहिलेत, मी बंदच घेणार. १९७३ मध्ये मार्टिन गार्डनर नावाच्या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या त्याच्या सदरात हे दिलं आणि पत्रांचा ढीग आला, तो त्याने नोझिककडे दिला, नोझिकने बसून वाटणी केली. एकूण १४८ पत्रं. ८९ जण फक्त बंद पेटीवाले, ३७ दोन्हीवाले, ५ जणांनी फसवायची युक्ती सुचवली, १३ म्हणाले असं होऊच शकत नाही आणि ४ म्हणाले असा भाकीतवाला असूच शकत नाही. मी बेरीज करून बघितली, बरोबर येते, सॉर्टरची खोड. पाच खण, १४८ पत्रं. तो खरं तर आमच्यातला माणूस.

मी कुठल्या खणात? बंद पेटी. आणि का ते पाकिटामुळे कळलं. तो भाकीतवाला माझ्या आजच्या हाताकडे बघत नाही, तो मी कसा माणूस आहे ते बघून गेलाय. ऐनवेळी हुशारी करून हजार उचलणारा माणूस मी असेन तर ते त्याला कालच दिसलं असणार. आमच्या हिचं मत दोन्ही पेट्या घ्या, आणि ती मला म्हणते तुमचा भाकीतवाला असेल हुशार, पण ठेवलेले पैसे पेटीतून उडून जात नाहीत. यावर माझ्याकडे अजून पटेल असं उत्तर नाही, आमचा चहा दोन वेळा थंड झालाय.

एक गोष्ट मात्र मला ह्या तत्त्वज्ञानापेक्षा जास्त खुपते. मोबाईलमधली ॲप पण आता भाकीत करतात, तुम्ही काय बघाल, काय घ्याल. पण ते पाकिटात घालून कपाटात ठेवत नाहीत, ते लगेच तुमच्यासमोर आणून ठेवतात, आणि तुम्ही घेतलं की म्हणतात बघा, आम्ही ओळखलं होतं. ही म्हणजे पाकीट लिहून झाल्यावर मला धक्का मारत नागपूरच्या गाडीत बसवण्याची पद्धत झाली. इथे मर्जीची काळजी करायला जागा आहे, लाप्लासच्या बुद्धीची काळजी त्यानंतर.

आता मूळ मुद्दा, म्हणजे तुमचं मागचं पान. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर सरांनी, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर एक चाचणी घेतली होती. २०० कुंडल्या, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या विशेष, म्हणजे बौद्धिक वाढ कमी झालेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यातल्या ४०, कुठली कुणाची ते ओळखा. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात जास्त बरोबर आलेल्याचे २४, आणि सरासरी २० च्या खाली, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी बरं. आणि हे पुढचं भविष्य सांगणंही नव्हतं, झालेलंच ओळखायचं होतं. त्यात मला आवडलं काय, तर सगळं आधी ठरवून, बंद ठेवून, नंतर ताडलं. तुमच्याकडे उलटं होतं. रविवारी "वाहन जपून चालवा" छापता, लोक जपून चालवतात, अपघात होत नाही, आणि भविष्य खरं की खोटं हे ब्रह्मदेवालाही कळायची सोय राहत नाही.

म्हणून माझी विनंती. राशिभविष्य बंद करा असं मी म्हणत नाही, आमच्याच घरात आधी तेच पान उघडतं. फक्त ते एक आठवडा उशिरा छापा. ज्योतिषीबुवांकडून पुढच्या आठवड्याचं शनिवारी लिहून घ्या, पाकिटात घाला, सील करा, आणि आठवडा संपल्यावर फोडून छापा, "गेल्या आठवड्यात तुमचं असं होणार होतं". लोक चहा पिता पिता ताडून बघतील. आमचं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळून टाकलं, त्यामुळे तारखेच्या शिक्क्यासाठी स्पीड पोस्टने स्वतःलाच पाठवा, चालेल. लाखेचं सील लावणारं माणूस ऑफिसात नसेल तर मी येऊन लावून देतो, लाख माझ्याकडे शिल्लक आहे. शनिवारी दुपारी चारनंतर मोकळा असतो.

आपला,
एक निवृत्त सॉर्टर, मनमाड
(नाव छापू नये, दोस्ताला कळेलच)